जाधवाची जागा

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी ख्याती आहे. इथे बहरीनमध्ये अरादपासून सित्र्यापर्यंत कुणाही मराठी माणसाला विचारा. सावंत फोरमन? त्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं, असंच म्हणतील. खरं आहे ते, मी नाकारत नाही. पण एक गोष्ट राहिली पोटात. बायकोला नाही सांगितली, गावी भावाला नाही, आणि देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा तिथेही दुसरंच काहीतरी बोललो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — आणि 'जाऊ दे रे, एवढं काय' असं म्हणून मध्येच थांबवणार नाही म्हणून.

गोष्ट एका माशाची आहे. म्हणजे — माशापासून सुरू होते.

मी देवगडकडचा. आमच्याकडे पोराला चालता यायच्या आधी मासा साफ करता येतो, असं मी इथे सगळ्यांना सांगत आलो आहे. थोडं वाढवून सांगतो, पण फार नाही. बहरीनला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर गळ टाकणं हा माझा धर्म. सित्र्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला, आणि जाधव क्वालिटीला. जाधव कराडचा, कृष्णाकाठचा. कंपनीच्या बसमध्ये आम्ही रोज शेजारी बसायचो. तो आधी चढायचा आणि शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून माझी जागा धरायचा. मी चढलो की पिशवी उचलायची, मांडीवर घ्यायची. इतकी वर्षं, एक दिवस चुकला नाही.

तर तळं. बुदैयाच्या रस्त्याला एका हाजींचं शेत आहे. खजूर, भाजीपाला, गुरांचं गवत. मागच्या बाजूला शेतीच्या पाण्यासाठी खोदलेलं मोठं तळं, आणि हाजींनी हौसेनं त्यात कार्प सोडलेले. कार्प म्हणजे गोड्या पाण्यातला, जाड खवल्यांचा मासा, आपल्या रोहूच्या नात्यातला. जाधव तिथे भाजी घ्यायला जायचा आणि भाजी राहायची बाजूला, तळ्याकाठीच उभा राहायचा. एकदा हाजींनी विचारलं, काय बघतोस? त्यातून ओळख झाली, चहा झाला, आणि उन्हाळा पेटायच्या आधी वर्षातून एकदा आम्हा मित्रांना तिथे गळाची स्पर्धा घ्यायची परवानगी मिळाली. अट एकच. एकही मासा तळ्याबाहेर जाणार नाही. धरायचा, काठाशी पाण्यात सोडलेल्या जाळीत ठेवायचा, शेवटी वजन करायचं आणि परत सोडायचा. जाधवानं हाजींच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. आमच्या वतीनं त्यानं एकट्यानं.

आता मला सांगा, कोकणी माणसाला हे पटेल? मासा धरायचा आणि सोडायचा? पहिल्या वर्षी मी इतका हसलो होतो की हाजी येऊन बघून गेले. मी सवयीप्रमाणे माझा मोठा थर्माकोलचा डबा नेला होता, बर्फासकट. "सावंत, डबा कशाला आणलास रे? माशांना गार वारा घालायला?" — जाधव. मी त्यात ताकाच्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि दर वर्षी तसाच नेत राहिलो. मासे खायचे ते संध्याकाळी, माझ्या घरी. स्पर्धा संपली की मी मनामाच्या बाजारातून मासे घ्यायचे आणि बायकोनं सगळ्यांना जेवू घालायचं, असा रिवाज पडला होता.

आणि स्पर्धा दर वर्षी जाधव जिंकायचा. मी — समुद्राचा राजा — कधी नाही. कणकेत भाजलेलं डाळीचं पीठ आणि गूळ मळून तो आमिष करायचा, आणि तळ्यातले मासे जणू त्याचीच वाट बघत असायचे. मला त्याचा राग यायचा का? यायचा. हसून दाखवायचो, पण यायचा.

त्या वर्षीचा मार्च विचित्र होता. तसा इथला मार्च नेहमीच विचित्र. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी सदरा अंगाला चिकटतो. त्या शुक्रवारी आम्ही पोहोचलो तेव्हा धुकं होतं आणि पाणी अगदी निवांत. जाधवाच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून जागा काढल्या. काठावर नंबरच्या पाट्या रोवलेल्या असायच्या, ज्याचा जो नंबर आला तिथेच बसायचं. जागा बदलायची नाही हा आमचा नियम, आणि तो सगळ्यांत मोठ्यानं मीच सांगायचो. जाधवाला खजुरांच्या आडोशाचा कोपरा आला. मला उघडी बाजू.

थोड्या वेळानं वारा फिरला. उत्तरेचा शमाल सुटला, धूळ उडायला लागली, पाण्यावर लाटा आल्या आणि माझा गळ कुठे आहे तेच दिसेना. डोळ्यांत वाळू. मी वाऱ्याला, तळ्याला, टोपीतल्या चिठ्ठीला शिव्या घालत बसलो होतो. मग टपोरा पाऊस आला आणि सगळे धावत पंपाच्या शेडमध्ये गेले. मी गेलो नाही, हट्टानं बसून राहिलो. जाधव माझ्याकडे आला.

"जा लेका माझ्या जागेवर," तो म्हणाला. "मला वाऱ्याचं काय न्हाई."

मी गेलो. नियम वगैरे काही आठवला नाही मला. तो माझ्या जागी पावसात बसला, मी त्याच्या जागी आडोशाला.

आणि तिथे मला म्हातारा लागला. त्या तळ्यात एक जुना, अजस्र कार्प होता, पाठीचा पर फाटलेला. हाजी काठावर खुबूस घेऊन उभे राहिले की तो वर यायचा आणि त्यांच्या बोटांजवळून रोटीचा तुकडा घ्यायचा. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. जाधवालासुद्धा तो कधी लागला नव्हता. काठी वाकली तेव्हाच मला कळलं, हा तोच. सावकाश खेळवला त्याला, खोटं कशाला बोलू, छान खेळवला. काठाशी आणला. आणि मग मी आयुष्यभर जे करत आलो तेच केलं. कल्ल्यात बोटं घातली आणि उचलला.

समुद्राचा मासा आम्ही तसाच उचलतो. तो खायचाच असतो ना. पण सोडायचा मासा असा उचलत नाहीत. हात ओले करायचे, पोटाखाली धरायचा, पाण्यालगत ठेवायचा. हे जाधवानं मला दर वर्षी सांगितलं होतं, आणि दर वर्षी मी म्हटलं होतं, तू मला मासा धरायला शिकवतोस? म्हातारा जड होता, तडफडला, मी बोटं आणखी आत घातली, गुडघ्यांत दाबून धरला. कल्ले फाटले. माझ्या मनगटावरून रक्त ओघळलं. पाण्यात सोडून पाहिला तर आडवा झाला. पुन्हा सरळ केला, पुन्हा आडवा. तेवढ्यात संपला.

इथपर्यंत अपघात होता. हो ना? तिथे ओरडून सगळ्यांना बोलावलं असतं तर फार तर काय झालं असतं? हाजींना वाईट वाटलं असतं. जाधव चिडला असता. आणि सगळे हसले असते — देवगडच्या सावंताला मासा धरता येत नाही. बस, एवढंच. त्या हसण्याची मला भीती वाटली. दुसरं कारण शोधून पाहिलं मी नंतर, सापडलं नाही.

मी माझ्या जागेवरून डबा आणला. जाधवाची पाठ वाऱ्याकडे होती आणि डोळे पाण्याकडे. ताकाच्या बाटल्या काढल्या, म्हाताऱ्याला दुमडून बर्फात बसवलं, शेपटी वाकवली, झाकण लावलं. हात धुतले. रक्त पावसानं धुऊन गेलं. मग जाधवाला हाक मारली, "बाबा, तुझ्या जागेवर काही लागत नाही, घे परत." तो उठला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. पाऊस थांबला, ऊन पडलं, बाकीचे परतले. कुणाला काही कळलं नाही.

स्पर्धा जाधवच जिंकला. बक्षीस ठरलेलं असायचं, एक नारळ. त्यानं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, वहिनींना दे, संध्याकाळी रस्सा कर म्हणावं.

घरी बायकोनं डबा उघडला. "ह्येचे खवले बघ केवढे," ती म्हणाली. "बाजारातलो मासो असो नसता." मी म्हटलं, रोहू आहे, आज बरो गावलो. तिनं जाधवाचा नारळ फोडला, वाटण केलं, तिरफळं घातली. सगळे जेवायला बसले. पहिल्या घासाला जाधव थांबला.

"नदीचा मासा हाय," तो म्हणाला.

"रोहू," मी म्हटलं. "मनामातला."

"असंल."

एरवी तो दोनदा भात घ्यायचा. त्या दिवशी पानातलं संपवलं, वहिनी, झकास झालंय म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

तुम्हाला वाटेल, झालं, कबुली आली. मासा मारला, लपवला, खाऊ घातला. नाही. एवढंच असतं तर मी ते कधीच चार लोकांत हसत हसत सांगून टाकलं असतं. मी स्वतःला ओळखतो.

पुढच्या शुक्रवारी हाजींनी बोलावलं. आम्ही चौघे गेलो. हाजी फाटकाशी उभे होते, हातात खुबूस. आठवडाभर ते काठावर उभे राहत होते आणि म्हातारा येत नव्हता. त्यांच्या गड्याला गवतात खवले सापडले होते, बंद्या रुपयाएवढे. कुठे? खजुरांच्या कोपऱ्यात, जाधवाच्या पाटीपाशी. हाजी चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं.

"जाधव," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "तुम बोला था, मछली बाहर मफी. कोई मछली बाहर मफी." मफी म्हणजे नाही.

जाधवानं खवल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागानं नाही. वाट बघत. त्याला माहीत होतं. मला वाटतं, त्या पहिल्या घासालाच कळलं होतं. माझ्यासाठी त्यानं एक फट मोकळी ठेवली होती, एवढंच. मी एक वाक्य बोलायचं होतं. हाजी, हा नाही, मी.

हाजींची नजर जाधवावरून सरकायला लागली, एकेकाच्या तोंडावर थांबत थांबत माझ्याकडे यायला लागली. आणि मी बोललो. मोठ्यानं, समजूतदार आवाजात, थोरल्या भावानं बोलावं तसं, हाजींनाही कळावं म्हणून हिंदीत —

"जाधव, लिया है तो बोल दे भाई. हाजी बडे दिल के आदमी है."

हे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

जाधवानं नजर काढून घेतली. "मेरा नंबर, मेरा जिम्मा," तो हाजींना म्हणाला. "माफ करना, हाजी." जागा बदलल्याचं तो बोलला नाही.

हाजींनी खुबूसचा तुकडा कुर्त्याच्या खिशात ठेवला. "खलास," म्हणाले, आणि फाटक लावलं. त्या तळ्यावर आम्ही पुन्हा गेलो नाही. जाधव बुदैयाला भाजी घ्यायलाही गेला नाही, आणि गळही त्यानं कधी हातात धरला नाही.

पुढच्या कामाच्या सकाळी मी बसमध्ये चढलो. शेजारच्या सीटवर पिशवी होती. मला वाटलं, आज ती तिथेच राहील. त्यानं ती उचलली, मांडीवर घेतली. मी बसलो. हवेवर बोललो आम्ही, पोरांच्या परीक्षेवर, सुपरवायझरवर. तो कायमचा कराडला परत जाईपर्यंत रोज ती पिशवी त्यानं उचलली, आणि रोज मी बसलो.

जाधव गेल्यावर त्या गोष्टीचा विनोद झाला. आमच्यात तो अजून चालतो. गेल्या महिन्यात कुणाच्यातरी घरी जेवायला जमलो होतो. पुण्याचा एक नवा मुलगा आलाय, बँकेत आहे, त्याला मासेमारीचा नाद. त्यानं विचारलं, इथे कार्पची स्पर्धा होते का कुठे? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गोष्टी सांगाव्यात तर सावंतानं. आणि मी सांगितली. एक जाधव होता आमच्यात, म्हटलं, कराडचा. सज्जन माणूस, पण एकदा त्याला मोह आवरला नाही. हाजींचं हिंदी मी हुबेहूब काढतो. सगळे पोट धरून हसले.

म्हाताऱ्याला मी मारलं. जाधवानं वाऱ्यापावसात उठून मला दिलेल्या जागेवर बसून मारलं. आणि ती गोष्ट त्याच्या नावावर सांगताना, गेल्या महिन्यातसुद्धा, माझा आवाज कुठे अडखळला नाही.