बोकडाचा कणा आणि वीस खोट्या एपिड्युरल

आमच्या विभागप्रमुखांनी मला फसवलं, आणि त्यापायी एका बाळंतिणीचे हाल झाले.

सौदा सरळ होता. सरांच्या सणासुदीच्या ड्युट्या मी करायच्या. बदल्यात एकाही शिकाऊ डॉक्टरने बोकडाच्या कण्यावर माझ्यासमोर वीस वेळा एपिड्युरल, म्हणजे बाळंतकळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, दिल्याशिवाय बाईच्या पाठीला हात लावायचा नाही. गणपती, दिवाळी, दोन्ही मी भाईंदरच्या त्या इस्पितळात काढले. गोडदेवच्या दहा बाय दहाच्या खोलीतून भूलतज्ज्ञ झालेय मी. फुकटात काही देत नाही.

कणा मीच आणायचे. खाटीक दात काढायचा, "मॅडम, कितना सूप पिओगे?"

"तू काट मत, पूरा दे!"

शिकवायची गोष्ट एकच. सिरिंजमध्ये सलाईन, दट्ट्यावरचा अंगठा कायम दाबलेला. सुई पुढे जाताना दट्ट्या अडून राहतो, योग्य जागी पोचली की एकदम सुटतो. तिथेच थांबायचं. जरा पुढे गेलात तर मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला भोक पडतं, आतलं पाणी गळतं आणि बाईचं डोकं दिवसचे दिवस ठणकतं.

शिकाऊंपैकी एक चिरंजीव चार वेळा करून हात पुसत म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ बघितलेत सगळे. बकरा पुरे ना आता?"

"बकऱ्याचं डोकं दुखत नाही, म्हणून त्याच्यावर चुका. अजून सोळा."

"पण सरांनी वीसची सही दिलीय."

खरंच दिली होती. तपासणी येणार म्हणून सरांनी चहा पिता पिता सगळ्यांच्या सरावाच्या वह्या वीस-वीस लिहून भरून टाकल्या होत्या. मी केबिनमध्ये त्यांच्याशी भांडतेय तोवर चिरंजीव लेबर रूममध्ये पोचले. दट्ट्यावरचा अंगठा काढून दोन्ही हातांनी सुई ढकलली. सिरिंज काढताच सुईतून पाण्यासारखा द्रव टपकू लागला.

घोडबंदरची ती पोरगी, पहिलं बाळंतपण. उठून बसली की डोकं फुटायचं. बाळाला आडवी पडूनच पाजायची. सर राउंडला आले आणि सासूसमोर म्हणाले, "सुई देताना तुम्ही हललात ना, म्हणून झालं."

सासूने तोंड फिरवलं. सर गेल्यावर पोरगी मला हळूच म्हणाली, "मॅडम, मी खरंच हलले का हो?"

मी नाही म्हणाले. सासू म्हणाली, "मोठे डॉक्टर काय खोटं बोलतील?"

बोलतात, मावशी. सर, तुम्ही बोललात. घोडबंदरला तिच्या घरी जा, सासूसमोर बसा आणि सांगा की ही हलली नव्हती, आमच्या शिकाऊ डॉक्टरचा हात बसलेला नव्हता आणि सही माझी होती. कधी जाताय?