पक्क्या दाताची हिरडी

हे कोणाच्या हाती लागलंच तर आधीच माफी मागते. माझं लिहिणं अशुद्ध आहे आणि अक्षर तर कधी कधी मलाच लागत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण चार माणसांत मला तोंडाने काही सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते. नाहीतर हा राग पोटातच राहील.

विहिरीच्या पायरीवर पाय घसरला आणि माझा वरचा पुढचा दात तुटला. कळशी वाचली, दात गेला. तेव्हापासून मी तोंडावर पदर धरूनच बोलायचे. मुळात मी कमी बोलणारी, त्यात हे. मुंबईचे दीर मे महिन्यात आमच्या गावी, मिठबावला आले, त्यांनी बघितलं. म्हणाले, "वयनी, काढूचो-घालूचो दात नको. हाडात स्क्रू मारून पक्को बसव. पैशे मी देतंय, सवडीन परत कर."

तळेऱ्याला दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. पहिल्या दिवशी हे माझ्याबरोबर आत आले. बाईंनी विचारलं, "तंबाखूची सवय?" मी खाली बघत होते. ह्यांनीच उत्तर दिलं, "छे छे, आमच्या घरात बायकांना तसलं काही नाही."

ते खोटं बोलले नाहीत. मशेरीला आमच्याकडे कोणी सवय म्हणतच नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. ते आमचं दात घासणं. शेजारच्या घरातल्या माझ्या मोठ्या जाऊबाई आणि मी मागीलदारी बसून मशेरी लावतो. दिवसभरात तेवढाच वेळ मी मोकळेपणी बोलते.

स्क्रू बसला, काही महिन्यांनी त्यावर दात चढला. अगदी माझाच वाटावा असा. बाई म्हणाल्या, "हिरडी जपा. अधूनमधून येऊन साफ करून घ्या." जपायची म्हणून मी त्या दाताच्या मुळाशी मशेरी जास्तच चोळू लागले. एवढा महागाचा दात, त्याची हिरडी घट्ट नको का व्हायला?

साफ करून घ्यायचं मी ह्यांच्याजवळ एकदा काढलं.

"दुखता काय तुका?"

"नाय."

"मग? आधी भावाचे पैशे जावंदेत. मगे तुझी साफसफाई."

काजूच्या कारखान्यातली माझी मजुरी दिरांकडे जात राहिली. दुखत खरंच नव्हतं. घासताना रक्त यायचं तेवढंच. जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "वायच जोरान चोळ गो. हिरडी आपोआप घट्ट जायत."

दोनेक वर्षं अशीच गेली, मग तोंडाला वास येऊ लागला. एक दिवस आरशात बघितलं तर हिरडी वर सरकलेली आणि दाताच्या मुळाशी स्क्रूची करडी कड दिसत होती. बोटाने दाबलं तर पू आला. पदर परत तोंडावर गेला. ह्यांना न सांगता मी एकटीच एसटीने तळेऱ्याला गेले.

बाईंनी आतल्या हाडाचा फोटो काढला, मग माझ्या बाकीच्या दातांकडे बघत राहिल्या. "काकी, मशेरी लावता?"

मी मान हलवली.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? अहो, दात खोटा आहे, त्याला कीड लागणार नाही. पण भोवतीची हिरडी आणि आतलं हाड तुमचं स्वतःचं आहे. हिरडी सुजली की आत हाड झिजतं. आणि दुखत नाही, म्हणून कळत नाही."

काय सांगणार? तुम्ही मशेरी विचारलीच नाही, हे ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. राग आला तो सगळ्यांचा आला. दात किती पक्का ते प्रत्येकाने सांगितलं होतं. तो कशाच्या जोरावर उभा राहणार ते कोणी नीट समजावलं नाही. आणि मीही विचारलं नाही.

त्यांनी हिरडी उघडून आतून साफ केली, टाके घातले. गेलेलं हाड परत येईल असं धरून चालू नका, म्हणाल्या. उरलेलं टिकलं तर दात टिकेल. मशेरी कायमची बंद. फटीतून फिरवायला एक बारीकसा ब्रश दिला.

घरी हे भडकले. "कायमचो दात म्हणालले ना? मग सारखो सारखो डॉक्टर कित्या?"

"दात कायमचो आसा," मी म्हटलं. "हिरडी नाय."

मागीलदारी वेगळीच तऱ्हा. जाऊबाई माझा ब्रश बघून हसत सुटल्या. "ह्या काय गो? सुंगटांचे दात घासूक? आता आमच्यात बसाक लाज वाटत आसतली तुका!" ब्रश कोळंबीच्या दातांएवढा बारीक होता खरा. मी तिथेच बसून ब्रश फिरवत राहिले. भाजलेल्या तंबाखूच्या वासाने जीव कासावीस व्हायचा. बोटावर मशेरी नाही तर जीभही उचलत नव्हती. अजून ती वेळ मला पहिल्यासारखी वाटत नाही, याचा राग वेगळाच आहे.

दिरांना मात्र मी स्वतः फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा. "भावजी, तुमचे पैशे उशिरान मिळतले. आधी हिरडी बगूची आसा." ते म्हणाले, "बरा, वयनी." एवढ्या एका फोनसाठी मी दोन वर्षं हाड झिजवलं.

मग बाईंकडे जायचं एकदाही चुकवलं नाही. उन्हाळ्यात आमसुलं करून विकली, त्यातून बाईंचे पैसे वेगळे काढून मग दिरांचे ठेवले. मागच्या खेपेला बाई म्हणाल्या, हाड आणखी झिजलेलं नाही. करडी कड तशीच आहे. ती आता तशीच राहणार.

या मे महिन्यात दीर आले. उरलेले सगळे पैसे मी त्यांच्या हातात दिले. हे बाजूला बसून आंबे निवडत होते. म्हणाले, "चला, आता तरी तुझी साफसफाई बंद."

"नाय," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात जावचा आसा."

ह्यांनी हातातला आंबा टोपलीत आपटला. दीर हसले. "वयनी, दाखव तरी माझो दात."

"तुमचो खंयचो?" मी पदर न धरता म्हटलं. "पैशे मोजून घेवा."

त्यांनी नोटा मोजल्या, खिशात घातल्या. सगळे फिटले.