वळणावरचा दगड

रविवारची भर दुपार, घोडबंदरचं खाडीकडचं वळण आणि मी बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसलेली... नव्वद-एक्याण्णवची गोष्ट असेल. मी नुकतीच बी. ए. झाले होते, आमच्या घरात पहिलीच. जगातली सगळी अंधश्रद्धा आपणच संपवणार, अशा जोशात होते.

त्या वळणाच्या बाहेरच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. सगळे त्याला 'बाय' म्हणायचे. ती गाड्या खेचते, असं आमच्या पेणकरपाड्यात लहान मुलंही सांगायची. म्हणून जो तो वळता वळता तिच्याकडे बघायचा, एक हात सोडून छातीला लावायचा... बाबासुद्धा, रोज ठाण्याला कामावर जाताना. तरी महिन्याभरात ते तिथेच दोनदा पडले. दुसऱ्यांदा तर खांदा निखळला.

गॅरेजवाल्या चाचांना मी हे सांगितलं, तर ते हसले. "बेटी, गाडी वहीं जाती है जहाँ आँख जाती है." वेग वळणाआधीच कमी करायचा, गुडघ्यांनी टाकी धरायची, नजर वळण संपतं तिथे ठेवायची... म्हणजे दगड नाही, बघणंच खेचत होतं!

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं, मी न्हाय बघत. पण बाय रागावंल... माझ्या वाटचं तू बघ."

मी हसत हसत कबूल केलं.

त्या रविवारी वळण आलं. बाबांनी वेग कमी केला, नजर लांब टाकली. मी दगडाकडे बघितलं... आणि मला नजर काढताच येईना. खाडीवरचा वारा पडला. इंजिनचा आवाज कुठून तरी लांबून यायला लागला. माझं अंग तिच्याकडे झुकत होतं. मला कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. गाडी बाहेर जायला लागली, मागचं चाक कडेच्या खडीवर सरकलं.

"पोरी, माझ्यासंगं वाक!"

मी डोळे मिटून त्यांच्या पाठीला चिकटले. गाडी सावरली.

पुढे थांबल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आता समजलं, खेचते म्हंजे काय?"

चाचांचं बरोबर होतं, हे मी आजही सांगेन. बाबा पुन्हा तिथे कधी पडले नाहीत. पण कुणाच्या भीतीला मी त्यानंतर हसले नाही.

आणि एक... मी मागे बसून दगडाकडे झुकत असताना, मला ओरडून सांगतानाही, बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं नाही. म्हणून आज हे लिहायला मी आहे.