रुखमाबाईचं झाड कय्यूमच्या घरावर

आमच्या गल्लीत रुखमाबाईइतकी शकी बाई दुसरी नाई. कोंबडीनं अंडं नाई देल्लं तरी ती पह्यले माह्या तोंडाकडे पाहे. मी विरजन मागाले गेली की माह्या मागं मागं घरभर फिरे. अस्सा राग ये मले! पन तिचंही काय चुकलं म्हना. नवरा मेल्यावर दिरांनी गोड गोड बोलून तिचं धानाचं वावर आपल्या नावावर करून घेतलं. राह्यलं काय, तर घर अन् घरामागच्या सांदवाडीतलं मोहाचं झाड. मंग बाई कोनावर भरोसा ठेवनार?

दोन हजार एकच्या वैशाखात भर दुपारी वावधान सुटलं अन् ते झाड कडाडकन शेजारच्या कय्यूमच्या घरावर आलं. कय्यूम गाद्या भरनारा. छपराचे कवेलू फुटले, भिंत बसली, भरलेल्या गाद्या मातीत गेल्या. त्याची बायको अख्तरी लेकरांले घेऊन माह्या घरी आली होती, म्हनून वाचली बिचारी. डोक्यावरचं छप्पर गेलं, अन् मिरग तोंडावर.

रुखमाबाई आली ती कमरेले पदर खोसूनच. "झाड आपून नाई पडलं! कोनं तरी बुडात काईतरी टाकलं. माह्या झाडाचा कोनाले तरास होता, मले समजत नाई का?"

कय्यूम तसा थंडा मानूस, पन त्या दिवशी भडकला. "माह्याच घरावर पाडाले मी काई टाकीन का, रुखमाबाई? झाड आतून गेलं होतं, तुमाले ठाऊक होतं. मोहफुलाचे पैसे जातील म्हनून चूप राह्यल्या तुमी."

"लाकडाले हात लावशील तर पाह्य!"

"वा रे वा! लाकूड तुमचं, अन् पडलेली भिंत काय देवाची?"

पोलीस पाटील श्रीहरीभाऊ आले. म्हनले, "धडधाकट झाड वाऱ्यानं पडलं असन तर कोनाचा दोष नाई. पन मालकाच्या चुकीनं पडलं असन, तर भिंत मालकानंच उभी करून द्यावी. चला, बूड पाहू."

बूड आतून सारं पोकल, नुसता कोयलाच कोयला. रुखमाबाईनं हात घातला अन् मूठभर कोयला काढून साऱ्यांच्या नाकासमोर धरला. "पाहा! म्हनलं नव्हतं? आग लावली माह्या झाडाले! बोला, कोनं लावली?"

दर फागुनात फुलं वेचाले जागा साफ व्हावी म्हनून रुखमाबाईच पाला बुडाशी लोटून पेटवे. गावात सारेच तसं करतेत. माह्या अगदी जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांचा राग एका बोलात निघाला असता. पन अख्तरीनं माहा हात दाबला. रुखमाबाई कय्यूमच्या तोंडाकडे पाहे, मंग माह्या, मंग पाटलाच्या. कोनाच्याच तोंडावर तिले चोर दिसेना. मंग तिनं बुडाशी पडलेल्या पाल्याच्या राखेकडे पाह्यलं अन् मूठ हलूहलू उघडली.

"मीच ना वं," ती म्हनली. तिच्या तोंडून असं ऐकाची सवय नव्हती.

मिरगाच्या आत भिंत उभी करून द्याचं तिनं पाटलासमोर कबूल केलं, अन् तोवर कय्यूमचं बिऱ्हाड आपल्याच घरी नेलं. पन शक काई गेला नाई तिचा. चूल इझवली की राखेवर पानी टाके, पुन्हा टाके, अन् मंग अख्तरीले हाका मारत बसे, "ये वं बाई, तू पाह्य. इझली का खरंच? माहा माह्यावर भरोसा नाई आता."