आळीपाळीचं वाचन

मी जालन्याकडची. आई वारली तेव्हा तिसरीत होते. धाकट्या भावंडांसाठी शाळा सुटली ती सुटलीच. नव्वदनंतरच्या वर्षांत चर्चच्या एका ओळखीच्या पाळकांनी चिठ्ठी दिली, म्हणून दौंडच्या एका लहान दवाखान्यात आयाचं काम मिळालं. गावात माझं कुणी नव्हतं. रविवारी चर्चमध्ये शेजारची बाई सरकून जागा द्यायची, तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. ती जागा जाईल, ही धास्ती मात्र कायम.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत मोठ्यांचा शास्त्रवर्ग भरायचा. घ्यायचे आप्पा, रेल्वेतून रिटायर झालेले केबिनमन. रीत ठरलेली होती. बायबलचा पुढचा अध्याय आठवडाभर आधी सांगायचा आणि त्या दिवशी बाकावरच्या क्रमानं प्रत्येकानं एकेक वचन मोठ्यानं वाचायचं. मग आप्पा विचारायचे, "तुम्हाला ह्यात काय गावलं?"

मला वाचता येत नव्हतं, आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं. मंगळवारी मी दवाखान्यातल्या सिस्टरला गळ घालायची, "डोळे दुखतात हो, तेवढं वाचून दाखवा." पहिली दहा वचनं ओळीनं पाठ करायची. वर्गात माणसं बसली की मोजायची, माझा नंबर काढायचा आणि ते एक वचन ओठांत धरून ठेवायचं. चार वर्षं निभावलं.

एका बुधवारी पुण्याकडून येणारी पॅसेंजर रखडली. वर्ग सुरू झाला तेव्हा बाक अर्धे रिकामे, माझं वचन चौथं. पहिलं वाचून होतंय तोच दोघं जण धापा टाकत आले आणि माझ्या अलीकडच्या रिकाम्या जागेत बसले. मला ते दिसले, पण डोक्यात चौथंच घुमत होतं. माझ्यावर आलं तेव्हा पुस्तकावर बोट ठेवून मी ते घडाघडा म्हणून टाकलं. त्या दोघांतल्या एकानं ते आत्ताच वाचलं होतं.

"बाई, ही गाडी मघाशीच गेली की," एक पोर्टर म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. आप्पा माझ्या बोटाकडं बघत होते. "पुढं चला," एवढंच म्हणाले.

वर्ग सुटल्यावर नळापाशी त्यांनी विचारलं, "पोरी, कवापासनं?"

"पहिल्यापासून. आप्पा, कुणाला सांगू नका. मला इथनं काढतील."

"कोण काढतंय तुला? हितं काय परीक्षा हाय व्हय?"

"तरी नका सांगू."

"न्हाई सांगत. दुपारची ड्युटी नसंल तवा घरी येत जा."

पुढच्या बुधवारी त्यांनी जाहीर केलं, "आता अध्याय मीच वाचणार, तुम्ही ऐका." कारण दिलं नाही. ते फक्त मला माहीत होतं.

दुपारी त्यांच्या ओट्यावर मी पाटी घेऊन बसायची. त्यांच्या घरच्या, आम्ही मामी म्हणायचो, न विचारता चहा आणून ठेवायच्या. मला पाठ असलेलीच वचनं आप्पा समोर ठेवायचे आणि एकेका अक्षरावर काडी टेकवायचे. "हे तुझ्या तोंडात हाय. आता डोळ्यात घे."

तिकडं वर्ग आटत चालला. आप्पांना दमा होता. अख्खा अध्याय वाचताना मध्येच थांबावं लागे. "आप्पाला आपलाच आवाज गोड लागायला लागलाय," कुणी म्हणे. "धाप लागती, पर पुस्तक सोडवंना." एक बाई मलाच म्हणाली, "नुसतं ऐकायला रविवार हायच की." मी मान हलवली.

मला सावकाश का होईना वाचता यायला लागलं, तोवर बुधवारी चौघंच उरलो होतो. एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर चर्चच्या पंचांनी विषय काढला. "आप्पा, वर्ग तुम्ही घरचा करून टाकला. त्यापेक्षा बंद करू."

"बरं," आप्पा म्हणाले.

माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी उठले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. पुस्तक मांडीवर होतं, त्यातलं कुठलंही वचन मी वाचून दाखवू शकले असते. मी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. "आप्पा, काल मी बोलायला पाहिजे होतं."

"बोलशील कवातरी. कुठवर आलो हुतो आपण?"

पुढं मला शिरूरला काम लागलं. आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा दौंडला पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. मामींच्या घरी कुणीतरी म्हणालं, "माणूस भला, पर वर्ग त्याच्या हट्टानं मोडला." मामींनी माझ्याकडं पाहिलं आणि कपबशी पुढं केली. मी चहा प्याले.

शिरूरच्या वर्गात आळीपाळीनंच वाचतात. मी अजूनही माणसं मोजते. सवय जात नाही. माझं वाचन स्वच्छ आहे म्हणतात. कुठं शिकलात, असं मात्र कुणी विचारत नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलेलं नाही. मामीही आता नाहीत. हे सगळं माझ्या हातानं लिहिलंय. दौंडच्या चर्चच्या मंडळीत कुणीतरी हे मोठ्यानं वाचावं.