टर्नरचं पार्सल

ती घटना आजही आठवते. बत्तीस वर्षांच्या पोलीस नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माझी झोप उडवली ती निवृत्तीनंतरच्या एका प्रकरणाने. त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता.

निवृत्त झाल्यावर मी ओमानमधल्या सोहारच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. काम ठाण्यासारखंच. गेटची नोंदवही, गस्त, आणि आठवड्याला कोणाचं तरी भांडण. कामगारांच्या कॅम्पात आमच्या सिंधुदुर्गातले बरेच जण होते. ‘पोलीस साहेब’ म्हणून मान होता आणि मलाही तो आवडायचा, खोटं कशाला बोलू?

एका शुक्रवारी दुपारी क्रेनवरचा एक ऑपरेटर माझ्या खोलीवर आला. दुसऱ्या दिवशी तो गोव्याच्या विमानाने सुट्टीवर निघणार होता. सुट्टीवर जाणाऱ्याने बाकीच्यांची पार्सलं न्यायची, हा तिथला रिवाज. दुधाची पावडर, खजूर, बाम, पोरांची खेळणी. आणि गाववाल्याचं पार्सल कोणी उघडत नाही. उघडणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. याची बॅग मात्र वजनात जास्त भरली, म्हणून त्याने सगळ्यात जड पुडकं सोडून पाहिलं.

“साहेब, पंपाचो पाईप म्हणान दिल्यान,” तो म्हणाला. “पण पंपाक एवढो जड पाईप कित्याक?”

मी पाईप खिडकीकडे धरून आत पाहिलं. आतून एकसारख्या वळत गेलेल्या बारीक रेघा चकाकत होत्या. बंदुकीची नळी, तीही छर्र्याच्या बंदुकीची नव्हे, रायफलची. इतकी सफाई मी फक्त खात्याच्या हत्यारांत पाहिली होती. विमानतळावर ही सापडली असती तर आत गेला असता हा बिचारा.

पार्सल देणारा आमच्याच वर्कशॉपचा टर्नर होता. पन्नाशीला टेकलेला, चौदा वर्षं त्याच लेथवर लोखंड कातणारा. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला. चौकशीची माझी पद्धत साधी. आधी बोलू द्यायचं. खोटं बोलणारा न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देतो. याने पंप, विहीर, मोटर दुरुस्त करणारा, सगळं सांगितलं. मी नळी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “काम मात्र कच्चा तुझा. आतसून नुसता खरडून ठेवलंस.”

त्याचा चेहरा लाल झाला. “खरडून? साहेब, चार म्हयने घातलंय मी ह्येच्यात! केसाएवढो फरक दाखवा!”

आणि मग आपण काय कबूल करून बसलो, ते त्याच्या लक्षात आलं. कारागीर स्वतःला दिलेली शिवी गिळतो, कामाला ठेवलेली नावं गिळत नाही.

तेव्हा मी ठाण्यात हजारदा बोललेलं वाक्य बोललो. “खरा काय ता सांग. मी संभाळून घेतंय.” ठाण्यात आरोपीलाही ठाऊक असतं की साहेब असं म्हणतातच. याने ते खरं मानलं.

त्याने घडाघडा सांगितलं. वडिलांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वडील गेले, बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि वारसाचा अर्ज पोलिसांच्या प्रतिकूल अहवालावर अडला. असे अहवाल मी स्वतः ढिगाने लिहिले होते. त्याचं ठाणं कोणतं, हे मी विचारलं नाही. रानडुकरं केळी आडवी करत होती. शिवाय कॉलेजातल्या एनसीसीपासून त्याला नेमबाजीचं वेड.

“विकतची रायफल आमच्या ऐपतीची नाय, परवानो मेळना नाय,” तो म्हणाला. “पण हात आसत मा, साहेब! डुकरांक पण चलतली आणि कागदार नेम धरूक पण.”

शिसवी लाकडाचा दस्ता गावी चुलतभावाने घडवून ठेवला होता. बाकीच्या भागांची दोन पार्सलं आधीच पोचली होती, दोन वेगळ्या माणसांच्या बॅगांतून, त्यांना पत्ताही नसताना. सुटे भाग म्हणजे काही बंदूक नव्हे, असा त्याचा हिशेब.

“तुझ्या नेमापायी तीन घरां बसली असती,” मी म्हणालो.

नळी कापून भंगारात टाकावी, असं खरंच मनात आलं. पण दोन पार्सलं गेलेली, क्रेनवाल्याला सगळं माहीत. मी नळी आमच्या ओमानी प्रमुखांपुढे ठेवली. त्यांनी ती बराच वेळ हातात फिरवली. “ये अपने हाथ का नहीं है,” ते म्हणाले. “पुलिस. खलास.”

पोलिसांची गाडी आली तेव्हा टर्नरने माझ्याकडे पाहिलं. पुढे त्याला शिक्षा झाली, गावी चुलतभावालाही पोलीस घेऊन गेले. कॅम्पात माझ्यासमोर मालवणी बोलणं बंद झालं. सगळे माझ्याशी हिंदीत बोलू लागले.

निर्णय कायद्याने बरोबर होता, आजही तोच घेईन. मी चुकलो ते त्याआधी. चौकशीत कायदा वापरावा, प्रसंगी दमही द्यावा, पण परमुलखात आपल्या माणसाला आपल्या बोलीत खोटा धीर देऊ नये. तिथे त्याला दुसरा आधार नसतो. हे मला साठीनंतर कळलं, आणि त्याची लाज वाटते.

त्याला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा गावाहून फोन आला. माझा नंबर त्यानेच कधीतरी तिला दिला होता.

“ह्यांचो फोन लागना नाय, साहेब,” ती म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच पुढे बोलली, “पण तुम्ही थंय आसात, म्हणान माका काय काळजी नाय.”

मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला.