सुरक्षित पट्टा

कापणीनंतर तंजावूर-पापनाशम रस्त्याच्या एका कडेला भात वाळत असायचं. बससुद्धा ते चुकवून जायची. म्हणून पोहणं, सायकल, धावणं अशा तिहेरी शर्यतीचं नवं खूळ डोक्यात घेतलेल्या एका साहेबांनी आपल्या गिअरच्या सायकलीसाठी नेमका तोच पट्टा सुरक्षित ठरवला. राखणीची म्हातारी रोज ओरडायची. साहेब हेल्मेट सावरत, तमिळ हेलाच्या आपल्या तंजावुरी मराठीत मला सांगायचे, "सर, इथं सायकलवाल्याला कोणी माणूस समजत नाही!"

एकदा मी सायकलनं शाळेत शिकवायला निघालो होतो. मागून त्यांचीच नवी मोटार हॉर्न मारत अंगावर आली. मी घाबरून भातात शिरलो. म्हातारी धावली. साहेबांनी काच खाली केली आणि मलाच दटावलं, "काय सर, अन्नावरून सायकल घालता?"